पाठीखाली हात घाला : आयसीयूत बेडसोर होऊ न देण्याची रीत

तीन नंबरच्या खाटेवरच्या आजींना पहाटे कुशीवर घेतलं तेव्हा त्यांच्या पाठीला चिकटून सलाइनच्या थ्री-वेचं, म्हणजे नळीच्या तिहेरी तोटीचं, पांढरं टोपण वर आलं. शेंगदाण्याएवढं. खांद्याच्या पात्याखाली त्याचा ठसा इतका खोल उमटला होता, की टोपणाच्या कडेच्या बारीक रेघाही मोजता आल्या असत्या. चार्ट मात्र चोख होता : रात्री दहा, बारा, दोन, चार. डावी, पाठ, उजवी, पाठ. अक्षर माझंच.

कूस खरोखर बदलली होती, खोटं लिहिलं नव्हतं. पण पाठीखाली हात घातला नव्हता. बेळगावातल्या आयसीयूत नाईट करत केस पांढरे व्हायला आले, तरी नवीन सिस्टर ड्युटीवर आली की मी अजून पहिल्यांदा हेच सांगते. चार्टवरचा पेशंट आणि खाटेवरचा पेशंट एकच आहे का, हे फक्त हाताला कळतं. खालचं सगळं तिच्यासाठी, नव्या ब्रदरसाठी आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांसाठीही आहे. घरी गेल्यावर हेच काम त्यांच्या अंगावर पडतं.

एकाच जागी दाब राहून होणाऱ्या इजेला आम्ही ‘बेडसोर’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘हासिगे हुण्णु’, पुस्तकात ‘शय्याव्रण’. २०१६ साली अमेरिकेतल्या या विषयाच्या सल्लागार मंडळाने ‘प्रेशर अल्सर’ऐवजी ‘प्रेशर इंज्युरी’ म्हणायला सुरुवात केली. नावातला हा बदल मला पटला. अल्सर म्हटलं की उघडी जखम डोळ्यांपुढे येते, पण कातडी फुटायच्या कितीतरी आधी आत इजा झालेली असते. मे २०१८मध्ये एकाच दिवशी नव्वद देशांतल्या तेरा हजारांहून अधिक आयसीयू पेशंटांची पाहणी झाली. साधारण चारातल्या एकाच्या अंगावर अशी इजा होती, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त इजा आयसीयूतच झालेल्या. सर्वांत जास्त माकडहाडाच्या वर, त्याखालोखाल टाचांना.

खाटेवर यायच्या आधीचे तास

जांबोटी-कणकुंबीकडचा पेशंट पावसाळ्यात आमच्यापर्यंत पोचतो तोवर काय काय घडलेलं असतं ते एकदा मोजा. आधी घरात जमिनीवर, मग जीपच्या मागच्या सीटवर, खानापूरला ट्रॉलीवर, ॲम्ब्युलन्सच्या कडक स्ट्रेचरवर, कॅज्युअल्टीत परत ट्रॉलीवर, शेवटी सीटीच्या टेबलावर. अथणी-कागवाडकडून येणाऱ्याला घाट नाही, पण अंतर आहे. एवढा वेळ माणूस एकाच पाठीवर पडून. वर बीपी लागत नाही, म्हणजे कातडीला रक्त आधीच कमी.

खोलवरची इजा लगेच दिसत नाही. दाब पडल्यापासून ४८ ते ७२ तासांनी ती जांभळी-काळपट होऊन वर येते. तिसऱ्या दिवशी डाग दिसला की आपण आदल्या रात्रीच्या सिस्टरला धरतो, आणि तो डाग कदाचित हायवेवर पडलेला असतो. म्हणून पेशंट आला की जीव स्थिर होताच, उशिरात उशिरा आठ तासांच्या आत, डोक्यापासून टाचेपर्यंत सगळी कातडी बघायची. डोक्याचा मागचा भाग केस बाजूला सारून, मग कानाच्या पाळ्यांच्या मागे, खांद्याची पाती, कोपरं, माकडहाड, खुबे, घोटे, टाचा. जे दिसेल ते वेळेसकट लिहायचं. काही नसेल तर ‘काही नाही’ हेही लिहायचं.

अंगावरच्या वस्तू याच वेळी उतरवा. करदोडा, दंडावरचा ताईत, जोडवी, पैंजण, हिरव्या बांगड्या, गळ्यातली तुळशीची माळ. सलाइन चढून दोन दिवसांत अंगाला सूज येते आणि करदोडा कमरेत रुततो, जोडवं बोटात. पण विचारल्याशिवाय कात्री लावू नका. एकदा घाईत मी एका वारकरी आजोबांची माळ कापली आणि त्यांच्या मुलाच्या तोंडाकडे मला आठवडाभर बघवलं नाही. नातेवाइकांना बोलवा, त्यांच्या हातात द्या, नोंद करा. बांगडी निघतच नसेल तर तिच्याखाली मऊ पट्टी गुंडाळा आणि सूज वाढते आहे का, ते बघत राहा.

आता डाग ओळखायचा कसा. पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. तिथे लाल दिसतं, बोटाने दाबलं की पांढरं होतं. पांढरं झालं नाही तर ती बेडसोरची पहिली पायरी. आपल्याकडे उन्हात राबलेल्या सावळ्या पाठीवर लाल दिसतच नाही. तिथे बोटं चालवा. शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम लागते की गार? कडक लागते की पिकलेल्या फळासारखी दबते? रंग आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट आहे का? जागा चकाकते का? टॉर्च लावा. ट्यूबलाइटच्या उजेडात जांभळं फसवतं.

धोका मोजायला ब्रॅडनचा तक्ता आहे. संवेदना, ओल, वावर, हालचाल, आहार आणि घासणं-सरकणं, अशा सहा बाबी. एकूण गुण ६ ते २३. १८ किंवा कमी म्हणजे धोका, ९ किंवा कमी म्हणजे फार मोठा. तक्ता भरा, पण त्यावर फार वेळ घालवू नका. व्हेंटिलेटरवरचा जवळजवळ प्रत्येक माणूस धोक्यातच निघतो. उपयोग बेरजेपेक्षा कुठली बाब सर्वांत खाली आहे हे कळण्याचा. ओल खाली असेल तर इलाज वेगळा, आहार खाली असेल तर वेगळा.

कूस बदलणं

दोन तासांनी कूस बदलायची, हे सगळ्यांना पाठ असतं. कशी, हे विचारलं की उत्तरं गडबडतात.

एकट्याने करू नका. किमान दोघं, तोंडात श्वासाची ट्यूब असेल तर तिसरं माणूस डोक्याशी. ट्यूब त्याच्या हातात, आणि ‘एक-दोन-तीन’ तोच म्हणणार. आधी नळ्या मोकळ्या करा : व्हेंटिलेटरचा पाइप, मोठ्या शिरेतली सेंट्रल लाइन, लघवीची पिशवी, ड्रेन. डोकं खाली घ्यायचं असेल तर राइल्स ट्यूबचं (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचं) फीड थोडा वेळ थांबवा. मग खांद्यापासून मांडीपर्यंत घातलेली आडवी चादर दोन्हीकडून धरून पेशंट उचलायचा. ओढायचा नाही. ओढताना कातडी चादरीला चिकटून तिथेच राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणून तुटतात. वरून काही दिसत नाही.

कुशीवर म्हणजे सरळ नव्वद अंशांत उभं करणं नव्हे. तसं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठ वाचवून खुबा घालवला, एवढंच. तीस अंशांचा कल पुरे. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत उशी खोचा, वरचा पाय थोडा वाकवून गुडघ्यांमध्ये दुसरी उशी द्या, खालचा खांदा जरा पुढे ओढून घ्या, म्हणजे तो अंगाखाली दबत नाही.

यानंतर हात. माकडहाडाखाली तळहात सरळ घाला. बोटं सहज फिरली तर पाठ सुटली. अडकली तर पेशंट अजून पाठीवरच आहे, चार्टवर काहीही असो. आमच्याकडच्या उशा धुऊन धुऊन पापडासारख्या होतात. अर्ध्या तासात पेशंट परत मूळ जागी घसरतो. आजींचं तेच झालं होतं. उशी बसली असेल तर दोन घाला, नाहीतर ब्लँकेटची घट्ट गुंडाळी करा. हात बाहेर काढता काढता चादरीवरून पूर्ण फिरवा. टोपण, सुईचं झाकण, ईसीजीची सुटलेली चकती, सुरकुती, जे असेल ते हाताला लागतं.

डोक्याकडची बाजू किती वर ठेवायची, यावरून फुफ्फुस आणि पाठ यांचं भांडण असतं. छातीत संसर्ग होऊ नये म्हणून व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं डोकं ३० ते ४५ अंश वर हवं. पाठ म्हणते, जितकं वर तितकी मी घसरणार. डॉक्टरांनी जास्त सांगितलं नसेल तर तीस धरा, आणि गुडघ्यांकडची बाजू आधी उचला, डोकं नंतर. पेशंट खाली घसरलेला दिसला तर आधी डोकं खाली घ्या, मग चादरीने वर उचला, मग परत डोकं वर.

नॉरॲड, म्हणजे बीपी टिकवायचं औषध, जोरात चालू असलेल्या पेशंटला हात लावायला सगळेच घाबरतात, आणि बेडसोर सर्वांत जास्त त्यालाच होतो. त्याला हळू वळवा, आधी दहा-पंधरा अंश. बीपी उतरलं तर डॉक्टरांना सांगा, त्यांच्या देखत पाच-दहा मिनिटं वाट बघा, बऱ्याचदा सावरतं. नाहीच सावरलं तर परत ठेवा, पण बारीक हालचाली चालू राहू द्यात : डोकं या बाजूचं त्या बाजूला, हात उचलून ठेवणं, एका कमरेखाली घडी घातलेला टॉवेल, तासाने दुसऱ्या. ‘पेशंट वळवू नये’ अशी सूचना तोंडी घेऊ नका. लिहून घ्या आणि दर ड्युटीला पुन्हा विचारा, कारण सकाळची सूचना रात्रीपर्यंत तशीच लटकत राहते. मणक्याला मार असेल तर डोकं, मान आणि कंबर एका रेषेत ठेवून ओंडक्यासारखं वळवणं, आणि त्याला चार-पाच माणसं लागतातच. हायवेवरच्या अपघातांमुळे आमच्याकडे हे नेहमीचं आहे.

पालथं झोपवलेल्या पेशंटला दाब तोंडावर येतो : कपाळ, गाल, हनुवटी, छाती, गुडघे. तोंडाची बाजू दर दोन ते चार तासांनी बदला, डोळे मिटलेले आहेत ना आणि कान दुमडलेला नाही ना, ते बघा.

‘सिस्टर, आई आत्ता कुठं झोपलीय न्हवं, कशाला हलवतासा?’ हे भेटीच्या वेळी हमखास ऐकू येतं. रागावू नका. त्या मुलीला आत बोलवा आणि तिचाच हात आईच्या माकडहाडाखाली घाला. किती गरम लागतं ते तिला कळतं. माझ्या अनुभवात यानंतर कुणी परत तक्रार करत नाही. उलट पुढच्या भेटीला ‘आता कुठल्या कुशीवर?’ असं विचारतात.

टाच

टाच गादीला लागताच कामा नये. पोटरीखाली उशी पायाच्या लांबीत ठेवा, म्हणजे भार पूर्ण पोटरीवर पसरतो आणि टाच हवेत तरंगते. गुडघा किंचित वाकलेला असू द्या. उशी फक्त घोट्याखाली ठेवली तर ती तिथेच रुतते. मधुमेही पेशंटच्या टाचेला दिवसातून दोनदा बघा.

हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवायची पद्धत कुणी सुरू केली माहीत नाही, पण मीही ती विद्यार्थी असताना कौतुकाने शिकले. बंद करा. पाण्याचा फुगा दाब पसरवत नाही, टाच त्यावरून घरंगळते आणि रबराखाली घाम साचतो. माकडहाडाखालची रबरी रिंगही तशीच : मधला भाग मोकळा, पण कडेचं रक्त अडवते. काही घरांतून ती अजून विकत आणून देतात.

नळ्या, पट्ट्या, चिमटे

आयसीयूतल्या इजा हाडावरच होतात असं नाही. आपणच लावलेल्या वस्तूंखालीही होतात, आणि त्यांचा आकार त्या वस्तूसारखाच असतो.

तोंडातली ट्यूब ओठाच्या एकाच कोपऱ्यात दिवसेंदिवस राहिली तर तो कोपरा फाटतो. प्रत्येक ड्युटीत, दोन माणसांनी, किती सेंटिमीटरवर आहे ते बघून तिची बाजू बदला. ट्यूब बांधायची नाडी कानाच्या पाळीवरून जात असेल तर खाली गॉज ठेवा. डायनाप्लास्टची चिकटपट्टी ओरबाडून काढू नका, ओल्या गॉजने भिजवून उलट्या बाजूने सोडवा. राइल्स ट्यूब नाकपुडीला वर ढकलत असेल तर चिकटपट्टी पुन्हा लावा. एनआयव्हीचा, म्हणजे ट्यूब न घालता श्वास द्यायचा, मास्क नाकाच्या हाडावर रुततो. लावण्याआधीच तिथे पातळ फोमची पट्टी ठेवा, आणि हवा जरा गळते म्हणून पट्टा आवळत सुटू नका, बहुतेक वेळा मास्कचं मापच चुकलेलं असतं. सॅच्युरेशनचा (रक्तातला ऑक्सिजन मोजायचा) चिमटा दर दोन ते चार तासांनी दुसऱ्या बोटाला. नॉरॲडवर बोटांना आधीच रक्त कमी, तिथे चिमटा विसरला तर बोटाचं टोक काळं पडायला वेळ लागत नाही. कॅथेटर मांडीच्या वरून न्या, खालून नाही. अपघातातून आलेल्या पेशंटचा मानेचा कडक कॉलर डॉक्टरांना विचारून लवकर बदला किंवा काढा. तोवर मान कुणीतरी धरून ठेवायची आणि हनुवटी व डोक्याचा मागचा भाग रोज बघायचा.

सिलिकॉन फोमचं थरांचं ड्रेसिंग जखम होण्याआधीच माकडहाडावर आणि टाचांवर लावलं तर फायदा होतो, याला चांगला पुरावा आहे. महाग पडतं. सगळ्यांना परवडत नाही, म्हणून सर्वांत धोक्याचा कोण ते ठरवून डॉक्टरांशी बोला. लावलं म्हणजे विसरायचं नाही; दर ड्युटीला एक कोपरा उचलून खालची कातडी बघा आणि परत चिकटवा. ते त्यासाठीच तसं बनवलेलं असतं.

ओल

शेतातलं औषध पोटात गेलेला पेशंट आमच्या भागात नवा नाही. अशा माणसाला अ‍ॅट्रोपिन लागू होईपर्यंत घाम, लाळ, जुलाब, सगळं एकाच वेळी. आणि पुढे कित्येक दिवस व्हेंटिलेटर. भिजून मऊ पडलेली कातडी कोरड्यापेक्षा फार लवकर सोलते. जुलाब झाला की लगेच कोमट पाण्याने, मऊ कापडाने, न घासता टिपून स्वच्छ करा. साबण चुरचुरणारा नको. कोरडं झालं की झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. पुढच्या वेळी सगळं खरवडून काढायचं नाही. वरची घाण टिपा, मलम राहू द्या.

रबरी शीट पाठीखालून काढा. खाटेची गादी वाचते, पेशंटची पाठ जाते. डायपर बांधूनच ठेवायचा नाही. अंथरूणाला खिळलेल्याला ओल शोषणारं एकच पॅड खाली पसरलेलं बरं. आणि स्पिरिट-पावडर! आमच्या पिढीने हजारो पाठी स्पिरिटने चोळल्या. स्पिरिट कातडी सुकवतं, ओलीत पावडरीच्या गोळ्या होतात आणि त्या खड्यांसारख्या बोचतात. लाल झालेल्या जागेवर मालिशही नको. आत आधीच दुखावलेलं असतं, ते आणखी फाटतं. आजूबाजूच्या धड कोरड्या कातडीला साधं मॉइश्चरायझर लावा, पुरे.

पोटात काय जातं

गंभीर आजारात साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं दर किलो वजनामागे रोज लागतात. पन्नास किलोच्या माणसाला किमान साठ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात, पातळ पेजेच्या वाटीत जेमतेम एक-दोन. घरून थर्मास भरून आलेली पेज प्रेमाची असते, पण तिने कातडी तयार होत नाही. मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतील. सिस्टरने एक बघायचं : ठरलेलं फीड खरोखर किती गेलं? स्कॅनसाठी थांबवलं, कूस बदलायला थांबवलं, परत सुरू करायचं राहिलं, असं करत दिवसाअखेर निम्मं शिल्लक असतं.

एअर बेड

एअर बेड लावला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. पंपावरचं वजन पेशंटच्या वजनाप्रमाणे लावा, पाइप खाटेच्या दांड्यात दुमडलेला नाही ना बघा, आणि सीपीआरसाठीची (छाती दाबायची वेळ आली तर) हवा सोडायची झडप बंद आहे याची खात्री करा. वर एकच चादर, सैल. मी एकदा एअर बेडवर चादर, रबर, चादर, घडी घातलेलं ब्लँकेट आणि पॅड असे पाच थर मोजले होते.

दुखतं, हे कुठल्या भाषेत?

खानापूरच्या आजींची पाठ मराठीत दुखते, रात्रीच्या सिस्टर गोकाकच्या असतात, चार्ट इंग्रजीत. सीमेचं भांडण फाटकाबाहेर ठेवा, पण भाषेची अडचण खाटेपर्यंत येते हे मान्य करा. ‘पाठ पेटलीय’ म्हणणारी आजी बडबडते आहे असं समजून तिला झोपेचं औषध दिलेलं मी पाहिलं आहे. जागा जळजळणं ही कातडीची पहिली हाक असते, रंग बदलायच्याही आधीची. मराठी सिस्टरने ‘नोवु ऐतेन्री?’ (दुखतंय का?) एवढं विचारायला शिकावं, कन्नड सिस्टरने ‘पाठ दुखते? कुठं?’ एवढं. ट्यूब असलेल्याला अंगाचं चित्र दाखवा, बोट ठेवू द्या.

हँडओव्हरला दोघींनी मिळून पेशंट वळवून पाठ बघा. सांगून नाही. देणारीने दाखवायची, घेणारीने हात लावायचा. जांभळा डाग, फोड किंवा फुटलेली कातडी दिसली तर त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा, त्या बाजूवर झोपवणं बंद करा, आणि फोड फोडू नका.

घरी नेताना

डिस्चार्जच्या दिवशी औषधांची यादी समजावतात, पाठीचं राहून जातं. नातेवाइकांनी जाण्याआधी किमान दोनदा स्वतःच्या हाताने कूस बदलून दाखवावी, आम्ही बघतो. घरी वाकळीची गुंडाळी उशीसारखी छान चालते. फक्त तिच्या जाड टाक्यांवर उघडी पाठ टेकू देऊ नका, वर जुनं धुवट लुगडं घाला. रात्री दोन-दोन तासांनी घरातलं एकच माणूस उठू शकत नाही, म्हणून पाळ्या आधीच ठरवा. किती अंतराने वळवायचं, ते पेशंटची कातडी बघून डॉक्टर किंवा सिस्टर सांगतील. खुर्चीत बसवलं तरी बुडावर दाब असतोच, अर्ध्या-पाऊण तासाने उचलून परत बसवा.

एअर बेड भाड्याने नेणार असाल तर गावात लाईट जाते, हे लक्षात ठेवा. पंप बंद पडला की गादीतली हवा हळूहळू उतरते आणि माणूस खालच्या फळीवर टेकतो. अंधारात ते दिसत नाही. लाईट गेली की आधी बॅटरी शोधू नका, आधी हात घाला.